काढून टाकलेला थांबा

जून लागला की आमच्या गल्लीला तापलेल्या प्लास्टिकचा वास येतो. अमरावतीच्या बसस्थानकामागच्या या गल्लीत ओळीने सात दुकानं आहेत आणि सातही दुकानांत लॅमिनेशनची यंत्रं आहेत. निकाल लागतो, गुणपत्रिका हातात येते आणि आई-बापांना पहिली घाई होते ती तिच्यावर प्लास्टिक चढवायची. मग फोटो, मग दाखले, मग फॉर्म. कूलर वाळ्याचा ओला वास आत फेकत असतो, समोर बी-बियाण्यांच्या दुकानात पोती उतरत असतात, आणि मोर्शी-वरुडच्या गाडीतून उतरलेली माणसं साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद घालून माझ्या पायरीवर येऊन उभी राहतात. चपलांना काळी माती असते. ती फरशीवर वाळते, तिचे पापुद्रे होतात, आणि दुकान झाडताना ते केरसुणीखाली चुरचुरतात. बावीस वर्षं हा आवाज मला आवडायचा. तो आला की कामाचे दिवस आले, असं वाटायचं. यंदा तो ऐकला आणि मी केरसुणी भिंतीला टेकवून बाहेर जाऊन उभी राहिले.

आमचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. बाकी वर्षभर सातबारा काढ, वीजबिल भर, कुणाचा आधार दुरुस्त कर. जून-जुलैत मात्र प्रवेशाचे फॉर्म. एका फॉर्मची सात पानं. नाव, वडिलांचं नाव, प्रवर्ग, उत्पन्न, गुण, गाव, तालुका. एकाचं संपलं की दुसऱ्याचं तेच. संध्याकाळपर्यंत तीच सात पानं शंभर वेळा डोळ्यांसमोरून जातात आणि रात्री डोळे मिटले तरी पापणीच्या आत चौकोन दिसतात. तालुक्यांच्या यादीत वरुड अगदी तळाला आहे. वरुडचा माणूस आला की तळापर्यंत यादी सरकवावी लागते. माझ्याकडे अकरा वर्षं काम करणारी मंदा म्हणायची, "ताई, वरुडवाल्यायनं माह्यं बोट झिजवलं." तिच्या उजव्या मनगटाला खाकी पट्टा असायचा. हंगाम संपला तरी तो तिच्या मनगटावरून उतरायला दिवाळी यायची.

मंदा फॉर्म भरायची तशी हळू. म्हणजे बोटं चपळ होती, तोंड आडवं यायचं. पाचव्या पानावर एक प्रश्न असतो, वसतिगृह हवं का. हो किंवा नाही. एवढंच. त्या एका प्रश्नापाशी मंदाची खुर्ची वळायची. ती पडदा सोडून मुलीच्या आईकडे पाहायची आणि विचारायची, "पोरगी राहीन कुठी?"

मग सुरू. आई बापाकडे पाहायची, बाप छताकडे. बाप म्हणायचा, तिची आत्या आहे तिकडं. आई म्हणायची, आत्याच्या घरी कोण कोण आहे ते मले इचारा. एकदा दर्यापूरकडचा एक माणूस छाती पुढे काढून म्हणाला, "मावशी हाय तिची. सख्खी. सोन्यावानी ठेवीन." मंदानं मुलीला विचारलं, "तू सांग वो माय. राह्यतं का मावशीकडं?" मुलगी पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली आणि मग इतकंच म्हणाली, "मावशी चांगली हाय." मंदानं 'हो' वर टिचकी मारली. वसतिगृह हवं. बाप भडकला. मंदा म्हणाली, "भाऊ, नंतर नको म्हनता येते. नंतर पायजे म्हनता येत नाई." त्याने पुढचा दाखला काढून दिला.

मागे रांगेत माणसं चुळबुळत, मी काउंटरवरून ओरडत असे, "मंदे, फॉर्म भरून राहिली का सोयरीक जुळवून राहिली?" सगळे हसत. मंदाही हसे, आणि पुढच्या माणसाशी पुन्हा तेच करी.

मी हसत नसे. मला रांग दिसत असे. पलीकडच्या दुकानात दोन माणसं जास्त गेली तर मला इथं बसल्याजागी कळतं. मी अकोल्याच्या जुन्या शहरात वाढले. आई दारोदार आणि बाजारात बांगड्या विकायची, आणि तिच्या टोपलीमागे बसून मी भाव करायला शिकले. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहू नये, हाताकडे पाहावं. घ्यायची नसेल तर बाई बांगडीला बोट लावत नाही. आणि आपण घ्यायला गेलो तर विकणारा ज्या वस्तूला 'ही काढू नका' म्हणतो, तिच्यातच त्याचा नफा असतो. आईचा हा नियम मी कधी मोडला नाही. टायपिंगची परीक्षा दिली, तहसीलसमोर टेबल टाकून अर्ज टंकले, लग्न होऊन अमरावतीला आले, हे दुकान उभं केलं. दुकानाचा गाळा, छपाईयंत्र, खुर्च्या, वर्षाचा कागद, काहीही मी सांगितल्या भावात घेतलेलं नाही. माझ्याशी भांडून कोणी टिकत नाही, याचा मला फार अभिमान होता. तो अभिमान आता तोंडात कडू होऊन बसला आहे.

मागच्या वर्षी मे महिन्यात गावंडे सर आले. अकोल्याचे, पन्नाशीचे गृहस्थ. आधी संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायचे, आता असे प्रोग्राम करून देतात. एखाद्या माणसाला संगणकावर रोज तेच ते करायचं असेल तर ते काम तो प्रोग्राम शिकून घेतो आणि आपलं आपण करतो. कापसाच्या जिनिंगवाल्यांची बिलं त्यांनी अशीच करून दिली होती. त्यांनी माझ्या टेबलावर एक गुणपत्रिका स्कॅन केली, दोन दाखले स्कॅन केले, आणि हात मांडीवर ठेवून बसले. पडद्यावर चौकोन आपोआप भरायला लागले. नाव आलं, गुण आले, उत्पन्न आलं. तालुक्यांची यादी झरकन खाली गेली आणि वरुडवर थांबली. कोणाचं बोट झिजलं नाही. मी बावीस वर्षांत पहिल्यांदा फॉर्म भरला जाताना नुसती बसून पाहिला. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

पाचव्या पानावर मात्र सगळं थांबलं. लाल चौकट आली. तिच्यात लिहिलं होतं, 'थांबा. अर्जदाराला विचारा.'

"हे काय?" मी म्हटलं.

"हे कागदावर नाई न मॅडम," गावंडे म्हणाले. "मार्क कागदावर हायेत, उत्पन्न कागदावर हाय. पोरीले होस्टेल पायजे का, हे कोन्या दाखल्यावर लिहून नसते. ते मानसालेच इचारा लागते. तो थांबा म्या मुद्दाम टाकला."

"म्हणजे माणूस बसवाच लागते?"

"पाचव्या पानापुरता."

"मग तुमचं मशीन काय करून राहिलं? टाळ्या वाजवून राहिलं का?"

ते हसले. त्यांच्या दरपत्रकात तो थांबा वेगळा लावलेला होता, वेगळ्या ओळीत. मी पेन घेतलं आणि ती ओळ आडवी कापली. ते म्हणाले, "मॅडम, ते काढू नका." मी पेनचं टोपण लावलं. ते पुन्हा म्हणाले, "बाकी काहीबी काढा, ते काढू नका." मला आईची टोपली आठवली. काढू नका म्हणतो आहे, म्हणजे इथेच पाणी मुरतं आहे. मी चहा मागवला आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. चहा संपेपर्यंत गावंड्यांचे खांदे उतरले होते. "ठीक हाय," ते म्हणाले. "तुमची मर्जी."

ते 'तुमची मर्जी' मला आजही जिभेवर गोड लागल्याचं आठवतं. तसं दुसरं काही गोड लागत नाही.

नंतर दोन दिवस ते मंदाशेजारी बसून होते. प्रोग्रामला शिकवायचं म्हणजे मंदाने एक फॉर्म नेहमीसारखा भरायचा आणि त्याने तिची एकेक टिचकी टिपून घ्यायची. फॉर्म मंदाच्या पुतण्याचा घेतला. तो अमरावतीतच राहतो, इथल्याच कॉलेजात जाणार होता. पाचव्या पानावर मंदाने सवयीने खुर्ची वळवली आणि स्वतःशीच हसून म्हणाली, "याले काय इचारू, हा त घरीच राह्यते." तिने 'नाही' वर टिचकी मारली. गावंडे माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, थांबा काढला त इथं हेच राहीन. सगळ्यायसाठी." मी काउंटरवर कागदाचे गठ्ठे मोजत होते. "राहू द्या," मी म्हटलं. मी ऐकलं नव्हतं, असं मी कितीदा तरी सांगून पाहिलं. मी ऐकलं होतं. सौदा जिंकलेला होता आणि त्यानंतर जे बोललं जातं ते मला भाव वाढवायची खटपट वाटते.

तो हंगाम गुळगुळीत गेला. त्याला दुसरा शब्द नाही. माणूस यायचा, कागद द्यायचा, पाच मिनिटांत पावतीचं पान घेऊन जायचा. पूर्ण सात पानं आम्ही कधीच छापून देत नव्हतो, कागद वाया का घालवायचा? मंदा होती तेव्हा ती तोंडी सांगायची, त्यामुळे कोणाचं अडलं नव्हतं. आता मंदा स्कॅनरपाशी उभी राहून कागद सरकवायची. मनगटाचा पट्टा सुटला. दुकान शांत झालं. आत्या, मावशा, मामेभाऊ यांचा जो गलका पाचव्या पानावर उठायचा तो बंद पडला. छपाईयंत्राची घरघर, कूलरचा आवाज, आणि कोणीतरी खोकलं तर तेवढंच. पलीकडचे दुकानदार काहीतरी निमित्त काढून डोकावून जायचे. मी दारावर पाटी लावली, 'पाच मिनिटांत फॉर्म'. त्या पाटीखाली फोटो काढून घेतला.

मधे एकदा मंदा म्हणाली, "ताई, ते राह्याचं इचारतच नाई थे."

"तुले काय करा लागते? कागद टाक."

तिने कागद टाकला. एकदाच म्हणाली आणि तेही हळू. मी तिच्यावर याचा राग धरला, अजून धरून आहे. अकरा वर्षं माझ्यासमोर बसलेली बाई, सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी, तिला माझ्यापुढे आवाज चढवता आला नाही? ओरडायचं होतं. कागद फेकायचे होते. मी काय तिला खाल्लं असतं? आणि मग रात्री स्वयंपाक करताना आठवतं की त्याच्या आदल्या हंगामात तिने आवाज चढवला होता, सुट्टीवरून, आणि मी तिला गिऱ्हाइकांसमोर कसं फाडलं होतं.

जुलैत याद्या लागल्या. त्यानंतर चार दिवसांनी सिंधूबाई आली. वरुडच्या अलीकडच्या एका खेड्यातली, उन्हात तांब्यासारखी झालेली बाई. संत्र्याच्या दिवसांत वरुडला पॅकिंगच्या शेडवर काम करते, बाकी दिवस निंदण-खुरपण. बरोबर तिची मुलगी प्रणाली. तालुक्यात शेतीच्या विषयांत तिच्याइतके गुण कोणाला नव्हते, असं तिच्या सरांनी कागदावर लिहून दिलेलं होतं आणि सिंधूबाई तो कागद अजून पिशवीत घेऊन फिरत होती. प्रणालीला अकोल्याला शेतीच्या कॉलेजात जागा लागली होती. वसतिगृहाच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

"सापडीन," मी म्हटलं. "दुसऱ्या यादीत येईन."

प्रणाली म्हणाली, "दुसऱ्या यादीत बी येत नाई, मॅडम. तिथं लिहून हाय, अर्जदारानं वसतिगृह नाकारलं."

मी संगणकावर फॉर्म उघडला. पाचवं पान. नाही. मी मागचा उघडला. नाही. त्याच्या मागचा. मंदा माझ्यामागे उभी राहून पाहत होती, तिच्या श्वासाचा आवाज येत होता. बाहेरगावच्या सगळ्या मुलींच्या फॉर्मवर पाचव्या पानी मंदाच्या पुतण्याचं उत्तर बसलेलं होतं.

मला राग येतो तेव्हा आधी तोंड उघडतं आणि मग डोकं. मी म्हटलं, "तुमी सांगायचं होतं न, होस्टेल पायजे म्हनून. आमाले काय सपन पडते?"

सिंधूबाईने आवाज चढवला नाही. "कोनं इचारलंच नाई, बाई," ती म्हणाली, "त सांगू कोनाले?"

मंदा मागच्या दाराने बाहेर गेली. त्या दिवशी ती परत आली नाही.

बाकीच्या मुलींचं काही ना काही झालं. कोणी खोली घेतली, कोणाची खरंच आत्या निघाली, दोघींचे बाप येऊन मला मनसोक्त शिव्या देऊन गेले आणि मी तेवढ्याच परत दिल्या. प्रणालीचं काही होत नव्हतं. तिला खोली परवडत नव्हती, अकोल्यात तिचं कोणी नव्हतं, आणि वरुडहून अकोल्याला रोज जाऊन येणं होत नाही. वसतिगृह नाही तर कॉलेज नाही, असा सरळ हिशेब होता. मी म्हटलं, चला अकोल्याला. माझं माहेर आहे. तिथल्या माणसांशी कसं बोलायचं ते मला कळतं.

बसमध्ये मी त्या दोघींना सांगत होते की आत गेल्यावर तुम्ही काही बोलायचं नाही, मी बोलेन. खिडकीतून कपाशीच्या ओळी धरू लागलेली शेतं पळत होती. सिंधूबाई डोक्यावरचा पदर दातांत धरून बसली होती.

कार्यालयातला बाबू वाईट नव्हता. तो वाईट असता तर मला बरं झालं असतं. त्याने आम्हाला बसायला सांगितलं, फॉर्म उघडला आणि पडदा माझ्याकडे वळवला. "ताई, हे पाहा. हे बटन फिकट झालेलं हाय. याच्यावर म्या किती बी दाबलं तरी काही होत नाई. मुदत संपली की ते आपोआप बंद होते."

"साहेब, तुमी वरती बोला न."

"वरती बी हेच दिसते."

मी आवाज चढवला. मी आवाज उतरवला. मुलीचे गुण सांगितले, सरांचा कागद दाखवला, एखादी जागा सुटेलच की असं म्हटलं, माझ्या जुन्या शहरातल्या ओळखी सांगितल्या, मग ओरडले, मग हात जोडले. बाबू मान हलवत राहिला. "तुमचं खरं हाय," तो म्हणायचा. तुमचं खरं आहे म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. शेवटी मी बाजारात करते तेच केलं. पिशवी उचलली, "ठीक हाय, नसन होत त राहू द्या," म्हटलं, आणि दाराकडे निघाले. सावकाश. विकणारा अशा वेळी मागून हाक मारतो. कधी दुकानाच्या पायरीवर, कधी रस्ता ओलांडल्यावर, पण मारतो. मी व्हरांडा ओलांडला. पायऱ्या उतरले. फाटकापाशी जरा रेंगाळले, चपलेत खडा गेल्याचं निमित्त करून. मागे वळून पाहिलं तेव्हा सिंधूबाई आणि प्रणाली माझ्या मागोमाग येत होत्या आणि बाबू पुढच्या माणसाचा कागद पाहत होता.

आयुष्यभर मी माणसांशी भाव केला. समोर माणूस असला की त्याच्यात कुठेतरी एक फट असते, तिथे बोट घालता येतं. त्या फिकट बटणात फट नव्हती. आणि तसलंच एक न विचारणारं, न ऐकणारं यंत्र मी माझ्या दुकानात हौसेने आणून बसवलं होतं, आणि त्याच्यातली एक फट, जी एका शहाण्या माणसाने मुद्दाम ठेवली होती, ती पेनाने आडवी कापली होती.

मी त्यांना भावाकडे नेलं. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात, मी वाढले त्याच गल्लीत त्याचं घर आहे. वहिनीने पोहे केले. भाऊ म्हणाला, पोरीला इथं राहू दे, काही अडचण नाही. मनापासून म्हणाला. सिंधूबाई पोहे खाता खाता घर पाहत होती. एक खोली, वरची माडी, माडीवर भावाचे दोन वाढलेले मुलगे मोबाइल घेऊन लोळलेले. तिने बशी धुऊन ठेवली, वहिनीला नमस्कार केला आणि निघाली.

पुलावर मी तिला गाठलं. खाली मोर्णेचं पाणी जलपर्णीने हिरवं झालेलं, वरून ऑटो कर्कश हॉर्न वाजवत जात होते. "काय वाईट आहे?" मी म्हटलं. "माझा सख्खा भाऊ आहे. मी हमी घेते."

"तुमी चांगल्या असान," ती म्हणाली. "तुमचा भाऊ बी चांगला असन. पन मी त्याले आजच पाह्यलं."

"मग काय वर्ष वाया घालवता पोरीचं?"

तेव्हा ती थांबली. प्रणाली चार पावलं पुढे गेली होती, तिने ऐकलं नाही असं मी धरून चालते. सिंधूबाईने स्वतःचा तळहात माझ्यासमोर धरला, ओंजळीसारखा. "आमी त संत्र पेटीत भरतानाबी एकएक हातात घेतो, बाई. फिरवून पाहातो. लाखो संत्र जातेत हातातून. तुमी पोरगी नाई पाह्यली."

बसमध्ये परत येताना मी खिडकीशी बसले आणि त्या दोघी मागच्या बाकावर.

गावंड्यांना मी दुसऱ्या दिवशी फोन केला. जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, म्या दोनदा म्हटलं होतं."

"मंग तिसऱ्यांदा काहून नाई म्हटलं?"

"तिसऱ्यांदा म्हटलं असतं त तुमी सौदाच मोडला असता."

मोडला असता. हे त्यांचं खरं आहे आणि म्हणूनच माझा राग त्यांच्यावर आहे. ज्याला माहीत होतं की हा थांबा काढला तर माणसं पडतील, त्याने तो माझ्या चहाच्या एका कपासाठी का सोडला? डॉक्टर घासाघीस केली म्हणून टाके कमी घालत नाही. गवंडी घराच्या पायातले चार दगड काढून देत नाही. तुम्ही अडून बसायला हवं होतं, गावंडे. मी तुम्हाला परत पाठवलं असतं, शिव्या घातल्या असत्या, दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं असतं. विकणाऱ्याने सोडलं म्हणजे ती गोष्ट सोडण्याजोगी होती, एवढंच मला येतं. मला दुसरी विद्या येत नाही. हे सगळं मी त्यांना मनातल्या मनात वर्षभर ऐकवते आहे, भाजी चिरताना, दुकानाचं शटर ओढताना, आणि दर वेळी ते शेवटी तेच म्हणतात, तुमची मर्जी.

मंदा दिवाळीनंतर आली ती फक्त तिची पाण्याची बाटली आणि बसायची गादी न्यायला. हंगाम संपल्यावर मी तिला अर्ध्या दिवसावर आणलं होतं, काम उरलंच नव्हतं. आता ती एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसते. काय होतं, कधीपासून होतं, सोबत कोण आहे. मी एकदा बीपी तपासायला गेले तेव्हा तिने मला ओळख दाखवली, हसली, आणि मला सगळे प्रश्न क्रमाने विचारले. मागे रांग होती. तिने एकही गाळला नाही.

यंदा मी तो थांबा परत बसवून घेतला. भाव न करता. गावंड्यांना इतकं चमत्कारिक वाटलं की ते आकडा सांगून थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. आता पाचव्या पानावर लाल चौकट येते आणि मी स्वतः खुर्ची वळवून विचारते, "पोरगी कुठे राहील?" मला ते जमत नाही. मी विचारलं की माणसं उलटतपासणीला उभी असल्यासारखी ताठ होतात आणि पटकन काहीतरी उत्तर देऊन टाकतात. मंदाच्या विचारण्यात सबुरी होती. ती प्रोग्रामने टिपली नाही. मीही टिपली नव्हती.

गेल्या आठवड्यात भर दुपारी प्रणाली आली. वर्षभर ती घरी होती, संत्र्याच्या शेडवर आईबरोबर जात होती, असं मला वरुडच्या गिऱ्हाइकांकडून कळत असे. ती पायरीवरच उभी राहिली. चेहरा उन्हाने रापलेला, हातात स्वतःचा मोबाइल.

"यंदा पुन्हा फॉर्म भरून राहिली," ती म्हणाली. "जुन्या नोंदीवर तुमचा नंबर हाय. ओटीपी तुमच्याकडं येते."

खरं होतं. आम्ही घाईत सगळ्यांच्या फॉर्मवर दुकानाचाच मोबाइल नंबर टाकत असू. त्यामुळे वर्षभर तिचे निरोप माझ्या फोनवर येत राहिले. 'प्रिय अर्जदार, प्रवेश निश्चित करण्यासाठी तीन दिवस शिल्लक.' 'प्रिय अर्जदार, आज शेवटचा दिवस.' 'प्रिय अर्जदार, आपली जागा रद्द करण्यात आली आहे.' मी एकही पुसला नव्हता आणि एकही तिला पाठवला नव्हता.

"आत ये. बस. आई नाही आली?"

"ते म्हने जाऊ नको. ओटीपी लागत होता म्हनून आली."

"मी भरून देते न. फुकट. लाल चौकट येते आता, सगळं विचारते."

"मीच भरला. आकडे सांगा."

फोन वाजला. मी सहा आकडे सांगितले. तिने ते टाकले, बराच वेळ पडद्यावर बोट फिरवत राहिली, ओठ हलत होते. मग म्हणाली, "आता दुसरा येईन. नंबर बदलाचा हाय. तुमचा काढून माहा टाकते."

दुसरा आला. मी फोन हातात धरून ठेवला. समोरच्याला हवी असलेली वस्तू आपल्या हातात आहे आणि त्याच्याकडे वेळ थोडा आहे, यापेक्षा भक्कम जागा सौद्यात नसते. मी अशा जागी कधी हरलेले नाही.

"प्रणाली," मी म्हटलं, "एकदा पाचवं पान मला पाहू दे. नुसतं पाहू दे. लगेच सांगते."

"नाई."

"अगं, मी काही हात लावत नाही. लांबूनच दाखव."

"दहा मिनिटांचा असते तो," ती म्हणाली. चिडून नाही. भाव सांगून झाल्यावर गप्प बसणाऱ्या माणसासारखी. मोबाइलची पाठ तिने माझ्याकडे केली होती आणि ती वाट पाहत होती. पायरीवर उन्हात, सावलीत न येता.

मी आकडे सांगितले. एकेक, सावकाश, सहाही.

"झालं," ती म्हणाली, आणि बसस्थानकाच्या बाजूला चालू लागली.

काल वसतिगृहाच्या याद्या लागल्या. सकाळपासून माझा फोन वाजतो आहे, प्रिय अर्जदार, प्रिय अर्जदार, कुठली कुठली नावं. तिचं नाव यादीत आहे की नाही, ते आता माझ्या फोनवर येत नाही.